उभ्या गाडीची बॅटरी

१८ एप्रिल, शनिवार

काल अमावस्या झाली, आज सकाळी आई आली. सोबत गाडी आली. की गाडी आली आणि सोबत आई आली, हे नक्की सांगता येणार नाही, कारण ज्ञानूने फाटकातून आत येताच आधी किल्ली माझ्या हातात दिली आणि मग आईची पिशवी.

ज्ञानू म्हणजे माझा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर. पेठला हायवेच्या कडेला त्याचं पाइपांचं दुकान आहे, वर घर. मी इथं महाळुंगे पडवळला, मळ्यात. वाटणी झाली तेव्हा विहीर सामाईक राहिली, म्हणून तिची बारी लावली, चार दिवस तो, चार दिवस मी. आईचंही तसंच केलं. अमावस्या ते अमावस्या एक महिना त्याच्याकडे, एक महिना माझ्याकडे. गावात निम्म्या म्हाताऱ्या अशाच फिरतात, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आता त्यात गाडीची भर. आमची बहीण आरती नवऱ्याबरोबर तीन वर्षांसाठी जर्मनीला गेली आणि जाताना गाडी आमच्या गळ्यात घालून गेली. म्हणाली, "गाडी आईची आहे. आई जिथं, गाडी तिथं. तिला दवाखान्याला एसटीच्या धक्क्यात न्यायची नाही." एक किल्ली ज्याची बारी त्याच्याकडे. दुसरी आईच्या कमरेच्या पिशवीत, हरवू नये म्हणून. हे मात्र आरतीनं बरं केलं, आईकडून आजवर काही हरवलेलं नाही.

गाडी विजेवरही चालते आणि पेट्रोलवरही. घरच्या सॉकेटला लावायची, चाळीसेक किलोमीटर विजेवर जाते, पुढे पेट्रोल. गावातल्या गावात वीज वापरा, लांब जायचं तर पेट्रोल, दोन्हींचा मेळ घाला, असं आरतीनं दहादा समजावलं. आम्ही मेळ घातला तो आमच्या पद्धतीनं. बारी सोडताना पेट्रोलची टाकी निम्मी असली पाहिजे, हा नियम. बॅटरीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. आज गाडी आली ती अकरा टक्क्यांवर.

मी गाडी सॉकेटला लावली. पण लक्षात ठेवलंय.

२२ एप्रिल, बुधवार

काही कळत नाही. सकाळी गाडीतल्या पडद्यावर शंभर टक्के होते. दुपारी चारला पाहिलं तर अठ्ठ्याहत्तर. गाडी समोरून उघड्या शेडमधून इंचभर हललेली नाही, किलोमीटर तेच. सॉकेट उघडून पाहिलं, अर्थिंग तपासलं, टेस्टर लावला. सगळं ठीक.

माझी उभी नोकरी वीज खात्यात मीटर वाचण्यात गेली. माणूस सांगतो एक आणि मीटर सांगतो एक, आणि मी कायम मीटरचं ऐकलं. किती आकडे टाकणारे पकडले, किती जणांनी शिव्या दिल्या. त्यामुळे उभ्या गाडीची बावीस टक्के वीज जाते म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच शब्द आला, चोरी. पण गाडीतून वीज चोरायची कशी, आणि चोरून न्यायची कशात?

बायकोला विचारलं. लंका शेवयांच्या मशीनवर होती. उन्हाळ्यात तिच्या शेवयांना फार मागणी असते, हॉलभर दांड्या आणि दांड्यांवर शेवया. ती म्हणाली, "आवो, येवढी मोठी गाडी हाय, जरा खाल्लं आसंल तिनं."

शेवयांना जागा हवी म्हणून आईची खाट पडवीत हलवली. आई काही बोलली नाही, म्हणजे तिला चालतंय.

२७ एप्रिल, सोमवार

आईला नारायणगावला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डोळे ठीक आहेत. माझं डोकं ठीक नाही.

आरतीनं सांगितलेलं की हायवेला पेट्रोल, गावात वीज. पण मला वाटलं, वीज माझ्या घरची, फुकट का घालवा, आधी तीच वापरू. म्हणून विजेवरच निघालो. गाडी इतकी गुपचूप चालते की कळंबमध्ये एक बाई थेट पुढ्यात आली आणि मलाच म्हणाली, "वाजवाय काय झालं रे तुला?" नारायणगावच्या अलीकडे एकदम इंजीन सुरू झालं. मी बटणाला हातही लावला नव्हता. घाबरून गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं, बंद केलं.

आई मागच्या सीटवरून म्हणाली, "आपूआप चालू व्हतं ते. बॅटरी सरत आली की गुरगुरतंय. चल तू."

"तुला काय माहीत?"

"आरतीनं सांगितलंय."

येताना पाहिलं, तिनं कडेचं बटण दाबून सीट मागे लवंडवली आणि डोळे मिटले. मला ते बटण आहे हेच ठाऊक नव्हतं. आरतीनं आईला बरंच शिकवलेलं दिसतंय. आम्हाला शिकवताना मात्र नुसती ओरडायची.

२ मे, शनिवार

आता पेट्रोलही जायला लागलं!

बुधवारी रात्री वीज गेली ती गुरुवारी दुपारी आली, त्यामुळे चार्जिंग झालं नव्हतं. गुरुवारी मी मोटरसायकलवर मंचरला गेलो होतो. आज पाहतो तर बॅटरी तळाला आणि पेट्रोलचा काटा खाली. किलोमीटर? तेच! लंकाला विचारलं, शेडमध्ये कुणी आलं होतं का, काही आवाज आला का. ती म्हणाली, "मशीन चालू व्हती माझी, ढोल वाजवला आसता तरी कळलं नसतं."

पेट्रोल नळी घालून काढता येतं हे मला ठाऊक आहे. गाडीची ही किल्ली माझ्याकडे, दुसरी आईकडे. ज्ञानूनं तिसरी करून घेतली असेल का? त्याला फोन लावला. आधी सरळच विचारलं, मग आवाज चढला.

तो म्हणाला, "दादा, माझ्याकडंबी आसंच व्हतं. मी म्हनलं तूच काय तरी छेडछाड करून देतोस गाडी. तू वीजवाला."

"म्हणजे मी चोर?"

"मी आसं म्हनलो का? पर आसंच चालायचं आसंल तर गाडी देऊन टाकू आरतीला परत. आन आईनंबी एका जागी ऱ्हावं मग. हिकडं तिकडं कशापायी?"

एका जागी म्हणजे कुठल्या, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. ही वही माझी एकट्याची आहे म्हणून खरं लिहितो. आई ज्ञानूकडे कायमची राहिली तर लोक काय म्हणतील याची मला भीती वाटली. आणि माझ्याकडे कायमची राहिली तर काय होईल, याचीही वाटली. यातली कुठली भीती मोठी, ते मला सांगता येत नाही.

६ मे, बुधवार

आज पाळत ठेवली. जेवण झाल्यावर फाटकापाशी खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसलो. दुपारभर हललो नाही. रस्त्यानं दोन ट्रॅक्टर आणि एक कुल्फीवाला गेला. आत कुणीही आलं नाही. चारला उठून शेडमध्ये गेलो तर पुन्हा एकोणीस टक्के कमी!

मी रस्त्याकडे पाहत होतो, चोर माझ्या पाठीमागून आला कुठून? मागे तर आपलंच घर.

शेडच्या बाजूनं आई पदरानं तोंड पुसत येत होती. म्हटलं, उन्हाचं कुठं गेली होतीस? म्हणाली, "शेळी बघाया गेले व्हते."

शेळी आम्ही विकून दोन वर्षं झाली. मी तिच्याकडे बघतच राहिलो, तीही जरा थांबली आणि पडवीत जाऊन बसली. आईचं वय झालंय. विसरायला लागली. पुढच्या खेपेला नारायणगावला गेलो की डोक्याच्याही डॉक्टरांना दाखवावं, असं लंकाला म्हणालो. लंकानं शेवया वाळवता वाळवता नुसतं माझ्याकडे पाहिलं.

११ मे, सोमवार

एक गोष्ट मानायला हवी, गाडी बनवणारे लोक हुशार आहेत. बाहेर अंग भाजून निघतंय, शेडचा पत्रा तापून कडकड वाजतोय, आणि दुपारी तीनला गाडीचं दार उघडलं तर आत एकदम गार. काचा-बिचा खास लावलेल्या असणार. मागच्या सीटला मशेरीचा मंद वास येतो, तो कशाचा ते कळलं नाही. प्लॅस्टिकचा असेल.

पडवीत मात्र बसवत नाही. आईला म्हटलं, पंखा लावून देऊ का? म्हणाली, "नगं, मी काय दिसभर हितं आसते का."

१४ मे, गुरुवार

नवीनच घोळ. परवा अमावस्या, म्हणजे आईची बारी बदलायची. पण यंदा अधिक महिना आहे, ज्येष्ठ दोनदा येणार. हा जादाचा महिना कुणाचा?

ज्ञानूचं म्हणणं, अधिक महिना हिशेबात धरायचा नसतो, म्हणून आई आहे तिथंच राहील. माझं म्हणणं, महिना म्हणजे महिना, अमावस्या झाली की बारी बदलली. दोघंही बोलताना "मला काय, मी ठेवतो की" असं म्हणत होतो आणि दोघंही ठेवत नव्हतो. शेवटी आरतीला फोनवर घेतलं. ती ऐकत राहिली, मग एकदम भडकली.

"विहिरीगत आईची बारी लावलीत. आता गाडीची बॅटरी कोण खातो म्हणून भांडताय. लाज वाटते मला! अधिक महिना संपला की माझ्या दिराला पाठवते, पप्पू येऊन गाडी घेऊन जाईल. करा मग काय करायचं ते."

ठरलं ते असं, अधिक महिन्याचे दोन तुकडे. पौर्णिमेपर्यंत माझ्याकडे, पुढे अमावस्येपर्यंत ज्ञानूकडे. मग गाडी पप्पूकडे, आणि आईचं तेव्हा बघू.

आईला पडवीत जाऊन सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं फक्त विचारलं, "आन गाडी?"

म्हटलं, गाडी जाणार. दवाखान्याची काळजी करू नको, मी रिक्षा करीन. सूपभर तांदूळ तिनं पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले. विसरते, दुसरं काय.

३० मे, शनिवार

उद्या पौर्णिमा. उद्या गाडी आणि आई पेठला.

मी आज जे केलं ते लिहायला मजा वाटते. ज्ञानूनं मला अकरा टक्क्यांवर गाडी दिली होती ना? मी त्याला चार टक्क्यांवर देणार. टाकी निम्मी केली, नियम म्हणजे नियम. पण बॅटरी संपवायची कशी? नुसतंच गावात फिरलो तर लोक विचारतील. म्हणून घोडेगाववरून शिनोलीला सोमाजीकडे गेलो. हा माझा नोकरीतला जुना जोडीदार, पलीकडच्या डोंगरातला, भातशेतीवाला. इंजीन सुरू होऊ नये म्हणून पाय इतका हळू ठेवला की मागून येणारे हॉर्न वाजवून वाजवून दमले. परतीच्या वाटेवर बॅटरी मला हवी तशी तळाला लागली. घरापाशी इंजीन गुरगुरलं तेव्हा मला हसू आलं.

सोमाजीनं चहा दिला. म्हणाला, "येवढी गार गाडी, आन म्हातारीला आनली न्हाईस? तिलाबी जरा फिरवायची व्हती की."

तेही खरंच. पण आईचं वजन धरलं तर बॅटरी लवकर संपली असती. माझ्या सोयीचंच झालं असतं, आता लक्षात आलं.

३१ मे, रविवार

पोचवून आलो. निघताना आई माझ्या आधी गाडीत जाऊन बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

ज्ञानूच्या घरात पाहुणे होते, म्हणून आईची खाट खाली दुकानामागच्या गोदामात लावलेली दिसली. पाइपांच्या ढिगाशेजारी. गाडीही तिथंच ठेवतो तो, आत घेऊन शटर ओढून घेतो, हायवेवरचा चोर नको म्हणून. पंखा होता. म्हटलं, ठीक आहे. त्यानं पडद्यावर चार टक्के पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. मी टाकीच्या काट्याकडे बोट दाखवलं. तो हसला नाही.

एसटीनं परत आलो. खिडकीपाशी बसून मनात म्हटलं, जिंकलो बुवा.

३ जून, बुधवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो.

काल दुपारी ज्ञानूचा फोन आला. नुसता "दादा, दादा" म्हणत होता. मग त्याच्या दुकानातला गोकुळ बोलला. "आजीला मंचरला न्येलंय, तुमी थेट तिकडंच या."

गोकुळनं जे सांगितलं ते असं. परवा दुपारभर शटर उघडंच होतं, काल मात्र दुकान बंद करून सगळे वर जेवायला गेले होते. तो डबा खाऊन गोदामाच्या मागच्या बाजूला आडवा झाला होता. त्याला बंद शटरच्या आतून इंजीनचा आवाज आला. त्याला वाटलं ज्ञानूच गाडी काढतोय. पण शटर काही उघडेना आणि आवाज काही थांबेना. त्यानं शटर वर केलं तर आत धूर दिसत नव्हता, नुसतं डोळ्याला लागत होतं. गाडीच्या मागच्या सीटवर आई. काचा बंद, एसी चालू, सीट लवंडवलेली. हाक मारली तर उठेना.

डॉक्टर म्हणाले, बंद जागेत इंजीनचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. गोकुळला अजून थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून ते थांबले. नाकाला ऑक्सिजन लावला आहे. संध्याकाळी आईनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "शटर कुनी उघडलं?"

मला समजत नाही. ती गाडीत काय करत होती? इंजीन कुणी सुरू केलं? ज्ञानू म्हणतो किल्ली त्याच्या खिशात होती.

इंजीन कुणी सुरू केलं नाही. ते आपोआप सुरू होतं, बॅटरी संपली की. चार टक्के ठेवले होते मी.

४ जून, गुरुवार

आज आई बसती झाली. ज्ञानू चहा आणायला गेला होता. मी विचारलं, "आई, तू गाडीत काय करत होतीस?"

"बसले व्हते."

"दुपारची?"

"दुपारचीच बसते मी. गार हवा लावते, आन पडते. आरतीनं दाखवलंय कसं लावायचं. किल्ली हाय की माझ्यापाशी." तिनं कमरेच्या पिशवीवर हात ठेवला. दवाखान्याच्या गाऊनवरही तिनं ती बांधून घेतलेली होती.

"रोज?"

"रोज. तुमच्याकडं पन, त्याच्याकडं पन."

बावीस टक्के, एकोणीस टक्के, गुरुवारचं पेट्रोल, गार गाडी, मशेरी, शेळी. सगळं एकदम अंगावर आलं. मी फाटकाकडे तोंड करून चोर शोधत होतो आणि माझ्या पाठीमागे माझी आई गाडीत झोपली होती.

"मग सांगायचं ना, आई! तुला एसी हवा होता तर मी घरात बसवला असता."

ती माझ्याकडे पाहत राहिली, मला कसं समजवावं हे तिला कळत नसल्यासारखी.

"एसीचं काय करू? तुज्या घरी लंकाचं काम चालतं, मी आडवी येते. ज्ञानूच्या घरी पावणं येत्यात, मी आडवी येते. दोघांच्याबी बायका चांगल्या हायेत, मी नावं ठेवत न्हाई. पर कुठंबी बसलं की थोड्या येळानं कुनीतरी म्हनतंच, आई, जरा सरका. गाडीत कुनी सरक म्हनत न्हाई. महिना बदलला तरी गाडी तीच आसती. तीच शीट, तीच खिडकी. आरती म्हनली व्हती, गाडी तुजी हाय. म्या खरं धरलं."

तेवढ्यात ज्ञानू चहा घेऊन आला आणि आईनं विषय बदलला. "गोकुळला जेवू घाला रं एकदा चांगलं," म्हणाली.

५ जून, शुक्रवार

दवाखान्याच्या पायरीवर ज्ञानूला सगळं सांगितलं. शिनोलीला जाऊन बॅटरी मुद्दाम संपवली तेही सांगितलं. वाटलं, तो मारेल मला, आणि मारावं असंही वाटलं.

तो चपलेच्या टोकानं माती उकरत होता. मग म्हणाला, "माझ्या दुकानात सॉकेट हाय, दादा. दोन दिस गाडी उभी व्हती. मी चार्जिंगला लावली न्हाई. म्हनलं, त्यानं मोकळी दिली, मी कशापायी भरू."

आम्ही दोघं पायरीवर बसून रडलो. दवाखान्यातली माणसं आमच्याकडे बघत वळसा घालून जात होती. आपण आईला मारणार होतो, आणि ते भांडणही तिच्यावरून नव्हतंच. की तिच्यावरूनच होतं? मला अजून नीट सांगता येत नाही.

९ जून, मंगळवार

आईला घरी आणलं, माझ्याकडे. बारी कुणाची वगैरे कुणी काढलं नाही. ज्ञानू मागून गाडी घेऊन आला. लंकानं शेवयांची मशीन पडवीत काढली आणि आईची खाट हॉलमध्ये खिडकीपाशी लावली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आई खाटेवर बसली, अगदी कडेला, एसटीत तिकीट न काढलेल्या माणसासारखी.

संध्याकाळी मी म्हटलं, "आई, आता बारीबिरी काही नको. इथंच राहा, कायमची." खरंच मनापासून म्हणालो.

ती म्हणाली, "ज्ञानूबी काल त्येच म्हनला."

"मग?"

"मग काय. दोघांनीबी इचारलं, लई झालं."

याचा अर्थ काय घ्यायचा? हो म्हणाली का नाही म्हणाली? लंकाला विचारलं तर ती म्हणते, "तुमाला मीटर वाचता येतो फकस्त."

१५ जून, सोमवार

अधिक महिना आज सरला. ठरल्याप्रमाणे पप्पू सकाळीच गाडी न्यायला आला. घडलेलं सगळं आरतीला कळलं होतं. ती फोनवर रडतही होती आणि ओरडतही होती. "ती गाडी आईच्या डोळ्यांसमोर नको मला. पप्पूला किल्ली दे, आत्ताच्या आत्ता."

मला काय वाटतंय ते मलाच कळत नव्हतं. गाडी गेली तर धोका जाईल, हे बरोबर. जिनं आईचा जीव घ्यायचाच बाकी ठेवला, ती दारात कशाला? पण जीव घ्यायला निघालेले तर आम्ही होतो, गाडीनं बिचारीनं जे करायचं तेच केलं. पप्पू हात पुढे करून उभा होता. मी किल्ली खिशातून काढली आणि तशीच धरून राहिलो.

आरतीला म्हणालो, "गाडी आईची आहे असं तूच म्हणाली होतीस. मग माझ्याकडे काय मागतेस? तिला विचार."

फोन आईच्या कानाला लावला. पलीकडून आरती बराच वेळ बोलत होती. आई ऐकत होती, मान डोलवत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बाय."

पप्पूला चहा-पोहे देऊन वाटेला लावलं. ज्ञानू दुकान बंद करून आला. आम्ही दोघांनी गाडी पत्र्याच्या शेडमधून काढून चिंचेखाली लावली, जिथं चारी बाजूंनी वारा आहे. मीटरपासून लांब वायर ओढून झाडाच्या बुंध्याला बोर्ड बसवला, पाणी लागणार नाही असा. पेठलाही गाडी यापुढे दुकानासमोर उघड्यावर राहील, असं ज्ञानू आपणहून म्हणाला. मग निघताना त्यानं विचारलं, "आई माझ्याकडं कधी यायची?" आणि मी म्हणालो, "तिला यायचं असेल तेव्हा." दोघांनाही ते वाक्य नवीन असल्यासारखं वाटलं.

दुपारी जेवणं झाली. हॉलमध्ये खिडकीपाशी खाट तयार होती, पंखा चालू होता, कुणीही तिला सरक म्हणत नव्हतं. आई उठली, कमरेची पिशवी चाचपली आणि उन्हातून चिंचेकडे गेली. मी पाहत राहिलो. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. एवढं सगळं करूनही ती तिकडेच गेली.

थोड्या वेळानं मीही गेलो. बॅटरी पाहावी असं निमित्त मनाशी केलं होतं. मागच्या सीटवर आई बसली होती, पाय वर घेऊन, पदर सैल सोडून. मी माझ्या किल्लीनं दार उघडायला हात घातला आणि थांबलो. मग काचेवर टकटक केली.

तिनं आतून दार उघडलं. गार हवा अंगावर आली. मला बघून ती गालात हसली.

"या पावणं," म्हणाली. "किती दिस ऱ्हानार?"

ती सरकली, बाजूची जागा तिनं हातानं झटकून दिली. मी चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन बसलो.